ॲप कॅबचा अपघात : उपचाराइतकीच महत्त्वाची कागदांची काळजी

वारज्यातून हिंजवडीला, बाणेरला किंवा स्वारगेटला जाणाऱ्या अनेकांचा दिवस मोबाइलवर कॅब किंवा रिक्षा बोलावण्यापासून सुरू होतो. गाडी माळवाडीच्या गल्लीतून निघते, पुलाखालच्या चौकातली कोंडी पार करते आणि मुंबई-बंगळुरू महामार्गाच्या बाह्यवळणाला लागते. एका बाजूला चांदणी चौक, दुसऱ्या बाजूला नवले पूल. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका अवजड वाहनाने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली होती. वारज्यातला प्रवासी रोज याच रस्त्यावरून, बहुतेक वेळा दुसऱ्याच्या गाडीत बसून जातो.

अपघात झाला तर या प्रवाशाची स्थिती चमत्कारिक असते. गाडी तो चालवत नसतो, त्यामुळे चूक जवळजवळ कधीच त्याची नसते. पण सगळ्यात कमी माहितीही त्याच्याचकडे असते. गाडीचा मालक कोण, चालक आणि मालक एकच की वेगळे, विमा कोणत्या कंपनीचा, तो चालू आहे की संपला, यातले त्याला काहीच ठाऊक नसते. भाडे ॲपला दिले, गाडी तिसऱ्याची, धडक चौथ्याची. हात प्लास्टरमध्ये घालून घरी आल्यावर पहिला प्रश्न पडतो, ‘आता हा खर्च मागायचा कोणाकडे?’ या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. मात्र ते मिळणे बऱ्याच अंशी अपघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत काय केले, यावर अवलंबून असते.

‘काही झाले नाही’ हे वाक्य धोक्याचे

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली, तर आत बसलेल्या माणसाच्या शरीराला जी ऊर्जा पचवावी लागते, ती साधारण १४ मीटर उंचीवरून पडण्याइतकी असते. म्हणजे चौथ्या मजल्याहून अधिक. गाडीचा पत्रा चेमटला नाही, म्हणून शरीराला इजा झाली नाही असे होत नाही.

धडकेनंतर शरीरात ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरके वाढतात. नाडी जलद होते, सगळे लक्ष धोक्याकडे लागते आणि वेदना काही काळ दबून राहते. म्हणूनच अनेक जखमी रस्त्यावर उभे राहून इतरांना मदत करतात, ‘मला काही झाले नाही’ म्हणतात आणि दुसरी रिक्षा करून घरी जातात. मागून धडक बसल्यावर मानेला बसणारा हिसका हे याचे नेहमीचे उदाहरण. डोके आधी मागे आणि मग पुढे झेपावते, मानेचे स्नायू व अस्थिबंध ताणले जातात. दुखणे आणि ताठरपणा मात्र अनेकदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतो. हाताला मुंग्या येणे, बोटांची पकड सैल होणे अशी लक्षणे असतील, तर मणक्यातून निघणाऱ्या नसांवर दाब आला आहे का, हे तपासावे लागते.

डोक्याच्या माराचे गांभीर्य याहून अधिक. मेंदूवरील आवरणाखाली हळूहळू रक्त साठत गेले, तर लक्षणे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतात. वयस्कर व्यक्तींना आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना हा धोका जास्त असतो. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, एका बाजूची अशक्तता यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. पोटावर सीटबेल्टचा काळानिळा पट्टा उमटला असेल, तर आतडी किंवा प्लीहेला इजा झाली नाही ना, याची खात्री करावी लागते. बेल्टचा वळ दिसला म्हणून बेल्ट लावल्याचा पश्चात्ताप करण्याचे कारण नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता. कॅबमध्ये मागे बसणारे बहुतेक प्रवासी आजही तसेच बसतात.

त्यामुळे मार किरकोळ वाटला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणे हा वैद्यकीय सल्ला झाला. कायद्याच्या दृष्टीनेही तोच सल्ला आहे. अपघातानंतर आठ दिवसांनी मानेच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे गेलेल्या माणसाला विमा कंपनीचा वकील हमखास विचारतो, ‘हे दुखणे अपघातामुळेच आहे कशावरून?’

रुग्णालयातला पहिला कागद

तातडीच्या मदतीसाठी ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. अपघातग्रस्तावर तातडीचे उपचार करणे हे सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले. पोलीस येईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्या वाटसरूलाही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चे संरक्षण आहे. साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

खर्चासाठी केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी रोकडरहित उपचार योजना लागू केली. रस्ते अपघातातील जखमीला निर्देशित रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांचे उपचार या योजनेतून मिळू शकतात. दुसऱ्या रुग्णालयात नेले, तर तेथे प्रकृती स्थिर होईपर्यंतचेच उपचार योजनेत बसतात. भरती करतानाच ‘हे रुग्णालय योजनेत आहे का’ असे विचारून घ्यावे.

याच वेळी केसपेपर तयार होतो आणि पुढच्या सगळ्या दाव्याचा पाया तोच असतो. अपघाताचा इतिहास लिहिताना ‘पडून मार लागला’ असे मोघम लिहिले गेले, तर पुढे ते वाक्य खोडून काढणे अवघड जाते. ‘अमुक वाजता, अमुक ठिकाणी, भाड्याच्या कॅबमधून जाताना, अमुक वाहनाच्या धडकेने’ असे नेमके लिहून घ्यावे. प्रकरणाची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, ज्याला रुग्णालयात सगळे ‘एमएलसी’ म्हणतात, ती झाली आहे का, हेही पाहावे. नातेवाइकांनी दुखणारी प्रत्येक जागा डॉक्टरांना सांगावी. मोडलेल्या पायाच्या गडबडीत सुजलेल्या मनगटाची नोंद राहून जाते आणि तीन महिन्यांनी मनगट वळत नाही तेव्हा पुरावा नसतो.

मनाच्या जखमेचेही तसेच. अपघातानंतर झोप उडणे, हॉर्न ऐकला की दचकणे, गाडीत बसायची भीती वाटणे हे सुरुवातीला स्वाभाविक आहे. पण ते महिन्याहून अधिक टिकले आणि काम-धंद्यात अडथळा येऊ लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. उपचार तर मिळतातच, शिवाय त्रासाची नोंदही होते.

मोबाइलमधला पुरावा

ॲपवरच्या प्रवासाचा एक मोठा फायदा आहे. रस्त्यात हात दाखवून थांबवलेल्या रिक्षाचा क्रमांक अनेकदा कोणालाच आठवत नाही. ॲपमध्ये मात्र गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव, निघण्याची वेळ, मार्ग, भाडे हे सगळे नोंदलेले असते. प्रवासी त्या वेळी त्या गाडीत होता, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. म्हणून शक्य तितक्या लवकर त्या फेरीच्या पानाचे स्क्रीनशॉट काढावेत, भाड्याची पावती ईमेलवर मागवावी आणि ॲपमधूनच लेखी तक्रार नोंदवावी. फोनवरच्या बोलण्याचा नंतर उपयोग होत नाही. भाडे परत केले की तक्रार मिटली, असा संदेश आला तर त्याला ‘मान्य’ म्हणण्याआधी तो नीट वाचावा.

गाडीच्या क्रमांकावरून सरकारच्या ‘एमपरिवहन’ ॲपवर वाहनाचा प्रकार आणि विम्याची मुदत पाहता येते. घटनास्थळाचे, दोन्ही गाड्यांच्या क्रमांकांच्या पाट्यांचे आणि नुकसानीचे फोटो काढता आले तर उत्तमच. जवळच्या दुकानातल्या किंवा सोसायटीतल्या सीसीटीव्हीचे चित्रीकरण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. ते जपून ठेवण्याची विनंती पोलिसांकडे लेखी करावी.

वारज्याच्या हद्दीत अपघात झाला तर नोंद वारजे माळवाडी पोलीस ठाण्यात होते. महामार्गावर काही मीटरच्या फरकाने हद्द बदलते, म्हणून घटनास्थळ नेमके सांगणे महत्त्वाचे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. विमा कंपनीलाही या अहवालांच्या प्रती जातात. गोहर मोहम्मद प्रकरणात १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम काटेकोरपणे पाळण्याचे निर्देश दिले. जखमीलाही या अहवालांची प्रत मागता येते. अनेकांना हे माहीत नसल्याने ते मागतच नाहीत.

पाटी पिवळी की पांढरी?

भरपाई कोण देणार, हे ठरवताना वाहनाच्या क्रमांकाच्या पाटीचा रंग अनपेक्षितपणे महत्त्वाचा ठरतो. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे व्यावसायिक वाहन. विजेवर चालणारे असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे. अशा प्रवासी वाहनाच्या सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यात आत बसलेला भाडोत्री प्रवासीही येतो. कायद्याच्या कलम १४७ मध्येच तशी तरतूद आहे.

पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीचे तसे नाही. खासगी दुचाकीला केवळ कायद्याने सक्तीचा तेवढाच विमा असेल, तर मागे बसलेल्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये टिळक सिंग प्रकरणात दिला. ‘पॅकेज’ विम्यात मागे बसणारा किंवा गाडीतला प्रवासी धरलेला असतो. पण खासगी गाडी भाडे घेऊन वापरली, तर विम्याच्या अटीचा भंग झाल्याचा मुद्दा कंपनी उपस्थित करते.

पुण्यात हा वाद केवळ पुस्तकी राहिलेला नाही. रॅपिडो या ॲप कंपनीचा परवान्यासाठीचा अर्ज पुण्याच्या परिवहन विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये नाकारला. जानेवारी २०२३ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि परवान्याशिवाय सेवा चालवता येणार नाही, हे कंपनीला ऐकावे लागले. त्याच महिन्यात राज्य सरकारने खासगी नोंदणीच्या वाहनांतून अशी प्रवासी वाहतूक करण्यास मनाई करणारी अधिसूचना काढली. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीला दिलासा दिला नाही. पुढे २०२५ मध्ये राज्याने इलेक्ट्रिक बाइक टॅक्सीचे स्वतंत्र धोरण आणले. प्रवाशाच्या दृष्टीने या वादाचा अर्थ एवढाच, की तीस रुपये वाचवण्यासाठी पांढऱ्या पाटीच्या दुचाकीवर बसणारा माणूस अपघात झाल्यास विम्याच्या कुंपणाबाहेर पडण्याची जोखीम घेत असतो.

तरीही अशा जखमीने हातपाय गाळू नयेत. अटीचा भंग झाला असला तरी न्यायाधिकरण काही प्रकरणांत ‘विमा कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग वाहनमालकाकडून वसूल करावेत’ असा आदेश देते. विनापरवाना व्यावसायिक वाहनाच्या अमृत पॉल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हाच मार्ग मान्य केला. शिवाय दोन वाहनांची टक्कर झाली असेल, तर प्रवाशाला दोघांपैकी कोणाकडूनही किंवा दोघांकडूनही पूर्ण भरपाई मागता येते. चालकांमध्ये कोणाची चूक किती टक्के, हे आधी प्रवाशाने सिद्ध करायची गरज नाही, हे २०१५ च्या खेनयेई निकालाने स्पष्ट केले आहे.

आणि ॲप कंपनी? आपण केवळ प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देतो, असे या कंपन्या वापराच्या अटींमध्ये लिहितात. दुसरीकडे, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ‘ॲग्रिगेटर’ ही संज्ञा आली आणि त्यांना परवाना सक्तीचा झाला. भाड्याने घेतलेल्या बसच्या प्रकरणांत, वाहनावर प्रत्यक्ष नियंत्रण कोणाचे होते हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने जबाबदारी ठरवली आहे. त्याच धर्तीवर ॲप कंपनीवरही जबाबदारी येते, असा युक्तिवाद करता येतो. त्यामुळे दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्याबरोबर ॲप कंपनीलाही प्रतिवादी करायचे का, हे वकिलाशी पहिल्याच भेटीत बोलून घ्यावे.

कोणते दार ठोठावायचे?

जखमीची भरपाई ठरवण्याचे ठिकाण म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. पुण्यात ते शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. अपघात जिथे झाला तिथे, जखमी जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथे, यांपैकी कुठेही दावा दाखल करता येतो. वारज्यातल्या रहिवाशाला लोणावळ्यापुढे रायगड जिल्ह्यात अपघात झाला, तरी त्याला पुण्यातच दावा लावता येतो.

कलम १६६(३) नुसार दावा अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे. ही मुदत १९९४ मध्ये काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिच्या वैधतेला आव्हान दिले गेले असून, मुदत उलटली या कारणाने दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर बसणे शहाणपणाचे नाही. सहा महिने ही पक्की मुदत समजूनच कामाला लागावे.

इथे एक खाचखळगा आहे. कलम १६४ नुसार, कोणाची चूक हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख रुपये मिळतात. हाड मोडणे किंवा निखळणे हे ‘गंभीर दुखापती’त येते, त्यामुळे अनेक जखमी यास पात्र ठरतात. पण ही रक्कम विहित पद्धतीने स्वीकारली, की कलम १६६ खालचा मोठा दावा संपुष्टात येतो. महिन्याभरात बऱ्या होणाऱ्या साध्या फ्रॅक्चरला अडीच लाख पुरेसे असतील. गुडघा कायमचा ताठ होणार असेल, तर तीच रक्कम फार तोकडी पडते. म्हणून दुखापत कुठवर जाणार, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत सही करण्याची घाई करू नये. धडक देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा मागच लागला नाही, तर वेगळी योजना आहे. तीत गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात.

ग्राहक आयोगाचे दारही अनेकांना आठवते. अपघाताच्या दुखापतीची भरपाई देण्याचा अधिकार ग्राहक मंचाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवले आहे. मात्र ॲपने भाड्यासोबत प्रवासी विम्याचे पैसे घेतले आणि तो दावा विनाकारण नाकारला, तर ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. तशी तक्रार दोन वर्षांत, राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते.

टक्के डॉक्टरांचे आणि टक्के न्यायाधीशांचे

दाव्यात सर्वाधिक गैरसमज अपंगत्वाच्या टक्केवारीबद्दल असतात. पुण्यात ससून रुग्णालयात किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी करून अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळते. सांधा किती अंशांत वळतो, स्नायूंत किती ताकद आहे, हे मोजून डॉक्टर टक्के ठरवतात. न्यायाधिकरण मात्र वेगळा प्रश्न विचारते : या दुखापतीने या माणसाची कमाई किती घटली?

राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक उदाहरणाने सांगितला आहे. चालकाचा किंवा सुताराचा डावा हात गेला, तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते. तोच हात सरकारी कचेरीतल्या कारकुनाचा गेला, तर त्याची नोकरी टिकू शकते. शरीराचे नुकसान सारखेच, पोटापाण्याचे नुकसान वेगळे.

आकड्यांत पाहू. समजा, घरी शिवणकाम करणारी ३४ वर्षांची महिला कॅबच्या अपघातात जखमी झाली आणि तिचे उजवे मनगट पूर्वीसारखे वळेनासे झाले. तिची मिळकत महिना २० हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारीसाठी भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवले, की ३ लाख ३६ हजार होतात. ३१ ते ३५ या वयोगटाचा गुणक १६. गुणाकार येतो ५३ लाख ७६ हजार. कमाईतील घट १० टक्के धरली, तर भरपाई ५ लाख ३७ हजार ६००. तीच घट ३० टक्के धरली, तर १६ लाख १२ हजार ८००. उपचारखर्च, बुडालेले दिवस, वेदना आणि पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च यांची भर वेगळी.

पावणेअकरा लाखांचा हा फरक पुराव्याने पडतो. मनगट वळत नसल्याने कापड फिरवता येत नाही, कात्री चालवता येत नाही, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी साक्षीत सांगावे लागते. नियमित गिऱ्हाइकांची वही, बँक खात्यातील जमा, ऑनलाइन आलेले पैसे यांतून मिळकत दाखवावी लागते. मिळकतीचा कागद नाही म्हणून दावाच होत नाही, असे नाही. गृहिणीच्या कामाचेही मोल धरले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कीर्ती प्रकरणात ठामपणे सांगितले. पण कागद असेल तर अंदाजाला जागा कमी राहते. फिजिओथेरपीच्या प्रत्येक भेटीची पावती, रिक्षाचे भाडे, मदतनीस बाईंना दिलेले पैसे, सगळे एका फाइलमध्ये तारखेनुसार लावावे.

वकील शोधताना

रुग्णालयाच्या दारातच ‘तुमची केस आम्ही बघतो’ म्हणत येणारे मध्यस्थ सर्वत्र भेटतात. त्यांच्यापासून सावध राहावे. वकिलांना जाहिरात करण्यास आणि दाव्यात मिळणाऱ्या रकमेवर टक्केवारीने फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांनुसार मनाई आहे. ‘आता काही देऊ नका, निकालानंतर तीस टक्के द्या’ हा प्रस्ताव सोयीचा वाटला, तरी नियमात बसत नाही. फी किती, ती कोणत्या टप्प्यावर, टंकलेखन आणि प्रमाणपत्रांचा खर्च त्यात धरला की नाही, हे सुरुवातीलाच लिहून घ्यावे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नये. मूळ कागदांच्या छायाप्रती आपल्याकडे ठेवाव्यात.

वकिलाची फी परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. इतरांसाठी राज्यात वार्षिक तीन लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे. १५१०० या क्रमांकावर देशभरातून प्राथमिक माहिती मिळते. वरच्या उदाहरणातील शिवणकाम करणाऱ्या महिलेला, ती महिला आहे एवढ्याच कारणाने ही मदत मिळेल.

दावा चालू असताना विमा कंपनी लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव देऊ शकते. वर्षानुवर्षे तारखा पाहण्यापेक्षा तो अनेकदा बरा. मात्र लोकअदालतीतील निवाड्याविरुद्ध अपील नसते. पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागणार आहे का, हाडातील सळई काढायची आहे का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय तडजोडीच्या पुरसिसवर सही करू नये.

चालकही जखमी असतो

या सगळ्यात पुढच्या सीटवरच्या माणसाचा विसर पडतो. प्रवाशाला किमान विम्याचे संरक्षण असते. ॲपवर गाडी चालवणाऱ्याची स्वतःचीच चूक असेल, तर त्याला थर्ड पार्टी विम्यातून काही मिळत नाही. तो गाडीचा मालक असेल तर १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा त्याला उपयोगी पडतो. दुसऱ्याची गाडी चालवत असेल, तर नोकरीचे नाते सिद्ध करून कामगार भरपाईचा मार्ग धरावा लागतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत ॲप कंपनीने प्रत्येक चालकाचा किमान पाच लाखांचा आरोग्य विमा आणि दहा लाखांचा मुदत विमा काढावा, असे म्हटले आहे. चालकाच्या कुटुंबाने कंपनीकडे या विम्यांची लेखी विचारणा केली पाहिजे.

२०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले, १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जखमी झाली. मृतांची संख्या बातमीत येते. जखमींपैकी किती जणांचा हात पुन्हा पूर्वीसारखा चालला आणि किती जणांना त्याची भरपाई मिळाली, हे बातमीत येत नाही. कॅबमध्ये बसताना करण्यासारख्या गोष्टी मोजक्या आहेत. पाटीचा रंग आणि क्रमांक ॲपशी ताडून पाहावा, मागच्या आसनावरही बेल्ट लावावा, फेरीची माहिती घरच्यांना पाठवावी. दुर्दैवाने अपघात झालाच, तर त्याच दिवशी डॉक्टर, त्याच दिवशी पोलीस, त्याच आठवड्यात फाइल आणि सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरण, एवढा क्रम घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा. कारण जखमी माणूस स्वतः धावपळ करू शकत नाही. ती त्याच्या घरच्यांनाच करावी लागते.